‘ताज ट्रॅपेझियम’मधील ट्रॅपेझियम म्हणजे नेमके काय?

आग्र्यातील ताजमहालाच्या संरक्षणासंबंधीच्या बातम्यांमध्ये ‘ताज ट्रॅपेझियम क्षेत्र’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. एखाद्या कारखान्याला परवानगी नाकारली जाते, रस्त्याच्या कामासाठी झाडे तोडण्याची अनुमती न्यायालयाकडे मागितली जाते किंवा प्रदूषणाबद्दल प्रशासनाला जाब विचारला जातो. अशा प्रत्येक वृत्तात हे नाव असते. मात्र एका ऐतिहासिक वास्तूच्या नावाशेजारी भूमितीतील आकृतीचे नाव कसे येऊन बसले, याचा उलगडा बातमीत सहसा होत नाही.

बातमी मराठीत आणणाऱ्यासमोर हा प्रश्न दररोजच्या कामाचा भाग म्हणून उभा राहतो. ‘ट्रॅपेझियम’ हा शब्द तसाच ठेवावा की त्याला ‘समलंब चौकोन’ म्हणावे? दोन्ही शब्द एकाच आकृतीची नावे आहेत. परंतु त्यांपैकी एकाचा अर्थ जगाच्या दोन भागांत परस्परविरुद्ध झाला आहे, तर दुसऱ्याने आपली व्याख्या स्वतःमध्येच जपून ठेवली आहे.

नकाशावरील चार बिंदू

ताजमहालाच्या संगमरवराला प्रदूषणामुळे पोहोचणाऱ्या हानीविषयी विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना, आग्र्यातील ओतकाम उद्योग आणि फिरोजाबाद येथील काचेचे कारखाने यांतून निघणाऱ्या धुराचा प्रश्न त्या याचिकेत होता. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. या क्षेत्रातील निश्चित करण्यात आलेल्या २९२ उद्योगांनी कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरावा, अन्यथा क्षेत्राबाहेर स्थलांतर करावे, असा तो आदेश होता. क्षेत्रावर देखरेख ठेवण्यासाठी १९९९ साली स्वतंत्र प्राधिकरणाची स्थापना झाली. पुढे २०१५ मध्ये न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय या क्षेत्रात वृक्षतोड करण्यास मनाई केली.

म्हणजेच ही केवळ कागदावरील आकृती नाही. रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर कारखान्यांचे इंधन, कामगारांचा रोजगार आणि झाडांचे अस्तित्व अवलंबून राहिले. भारतभर विकल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्या ज्या फिरोजाबादमध्ये तयार होतात, ते शहरही याच रेषेच्या आत आहे.

ही रेषा चार बिंदूंनी निश्चित केलेली आहे. ताजमहालाच्या पश्चिमेकडील हद्द ७७ अंश १५ मिनिटे पूर्व रेखांशावर असून ती २६ अंश ४५ मिनिटे ते २७ अंश ४५ मिनिटे उत्तर अक्षांशांदरम्यान आहे. पूर्वेकडील हद्द ७८ अंश ३० मिनिटे रेखांशावर २७ अंश ते २७ अंश ३० मिनिटे अक्षांशांदरम्यान आहे. पश्चिमेची बाजू एक अंश लांबीची, तर पूर्वेची त्याच्या निम्मी. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत असली, तरी एवढ्या लहान प्रदेशात ती समांतर मानता येतात. अशा प्रकारे दोन बाजू समांतर आणि उरलेल्या दोन तिरक्या असलेला चौकोन तयार होतो. यालाच भारतातील शालेय इंग्रजीत ट्रॅपेझियम म्हणतात.

या आकृतीचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र माध्यमिक शाळेत शिकवले जाते. समांतर बाजूंची बेरीज करून तिच्या निमपटीला त्या बाजूंमधील लंब अंतराने गुणावे. पश्चिमेची बाजू सुमारे १११ किलोमीटर, पूर्वेची सुमारे ५५ किलोमीटर आणि दोहोंमधील अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. सूत्रानुसार उत्तर येते सुमारे १०,३०० चौरस किलोमीटर. पूर्णांकांत घेतलेल्या आकड्यांचा हा हिशेब असूनही, क्षेत्राच्या १०,४०० चौरस किलोमीटर या अधिकृत आकड्याच्या तो अगदी जवळ आहे. उत्तर प्रदेशातील आग्रा, फिरोजाबाद, मथुरा, हाथरस व एटा हे जिल्हे आणि राजस्थानातील भरतपूर यांचा प्रदेश या क्षेत्रात येतो. ताजमहाल, आग्र्याचा किल्ला आणि फत्तेपूर सिक्री ही तीन जागतिक वारसास्थळे त्यात आहेत.

चार पायांचे मेज

‘ट्रॅपेझियम’ हा लॅटिनमार्गे आलेला मूळ ग्रीक शब्द आहे. ग्रीक भाषेत ‘त्रापेझा’ म्हणजे टेबल आणि ‘त्रापेझिऑन’ म्हणजे लहान टेबल. ‘त्रापेझा’चे दोन घटक आहेत. पहिला घटक ‘चार’ या अर्थाचा असून तो संस्कृतातील ‘चतुर्’ शब्दाचा नातलग आहे. दुसरा घटक ‘पेझा’ म्हणजे पाय असून त्याचे नाते ‘पद’ या शब्दाशी आहे. थोडक्यात, ‘त्रापेझा’ म्हणजे चतुष्पाद वस्तू. हिंदीतील ‘चारपाई’ची घडण नेमकी अशीच आहे. मराठीतील ‘तिवई’ या शब्दातही तीन पाय दडलेले आहेत.

हा शब्द अतिशय जुना आहे. ग्रीसमधील पायलॉस येथे सापडलेल्या सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर राजवाड्यातील सामानाच्या यादीत तो आढळतो. गंमत अशी, की पुढील काळातील ग्रीक टेबले बहुधा तीन पायांची असत, तरी त्यांचे नाव चार पायांचेच राहिले. वस्तू बदलली आणि नाव तसेच राहिले, अशी ही पहिली घटना म्हणता येईल.

नंतर या शब्दाला अनेक शाखा फुटल्या. सराफ बाजारात टेबल मांडून नाण्यांची अदलाबदल करीत. त्यामुळे आधुनिक ग्रीक भाषेत ‘त्रापेझा’ म्हणजे बँक, आणि अथेन्समधील बँकांच्या पाट्यांवर आजही हाच शब्द दिसतो. तुर्कस्तानातील काळ्या समुद्राकाठचे त्राब्झोन हे शहर टेबलासारख्या सपाट उंचवट्यावर वसले, म्हणून त्याचे प्राचीन नाव ‘त्रापेझूस’ होते.

अर्थांची अदलाबदल

भूमितीत हा शब्द इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडच्या ‘एलेमेंट्स’ या ग्रंथात येतो. पहिल्या भागातील २२ व्या व्याख्येत युक्लिडने चौरस, आयत, समभुज चौकोन आणि समांतरभुज चौकोन यांची नावे दिली. याखेरीज जे चौकोन उरतील, त्या सर्वांना त्याने ‘त्रापेझिया’ म्हटले. म्हणजे युक्लिडच्या लेखी हे एका विशिष्ट आकृतीचे नाव नव्हते. उरलेल्या सर्वांना सामावून घेणारी ती एक टोपली होती. आर्किमिडीजने मात्र आकृतीचा गुरुत्वमध्य शोधताना हा शब्द दोन समांतर बाजू असलेल्या चौकोनासाठी वापरला.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात प्रोक्लस या तत्त्वज्ञाने युक्लिडवर भाष्य लिहिताना या टोपलीचे दोन भाग केले. ज्या चौकोनात दोनच बाजू समांतर आहेत तो ट्रॅपेझियम, आणि ज्यात एकही जोडी समांतर नाही तो ट्रॅपेझॉइड, म्हणजे ट्रॅपेझियमसारखा दिसणारा. युरोपातील बहुतेक भाषांनी हाच भेद स्वीकारला.

घोळ झाला तो १७९५ साली. चार्ल्स हटन हे इंग्लंडमधील वूलिच येथील लष्करी अकादमीत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या गणित आणि तत्त्वज्ञानविषयक शब्दकोशात या दोन शब्दांचे अर्थ उलटे छापले गेले. समांतर जोडी असलेल्या चौकोनाला ट्रॅपेझॉइड आणि एकही जोडी नसलेल्याला ट्रॅपेझियम म्हटले गेले. हा कोश मान्यवर असल्याने उलटा अर्थ रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ब्रिटन प्रोक्लसच्या मूळ अर्थाकडे परतले. अमेरिकेने मात्र हटनचा अर्थ कायम ठेवला.

परिणामी, भारत आणि ब्रिटनमधील विद्यार्थी ज्याला ट्रॅपेझियम म्हणतो, त्याच आकृतीला अमेरिकेतील विद्यार्थी ट्रॅपेझॉइड म्हणतो. अमेरिकी कोशांनुसार ट्रॅपेझियम म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. तो अर्थ धरला, तर ‘ताज ट्रॅपेझियम’ या नावावरून क्षेत्राचा खरा आकार कळणार नाही आणि वर वापरलेले क्षेत्रफळाचे सूत्रही लागू पडणार नाही.

दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात ते मानवी मनगटात. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या लहान हाडाला ट्रॅपेझियम, तर तर्जनीच्या रेषेतील त्याच्या शेजाऱ्याला ट्रॅपेझॉइड म्हणतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघात चार तेजस्वी ताऱ्यांचा एक गट ट्रॅपेझियम याच नावाने ओळखला जातो. त्यांपैकी तीन ताऱ्यांची नोंद गॅलिलिओने १६१७ साली केली होती.

सर्कशीतील झोपाळ्यावरील कसरतीला ‘ट्रॅपीझ’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातील. वरचे छत, दोन बाजूंचे तिरके दोर आणि खालचा आडवा दांडा मिळून ही आकृती तयार होते, म्हणून फ्रेंच भाषेने झोपाळ्याला हे नाव दिले. ज्यूल्स लिओटार याने १८५९ साली पॅरिसमध्ये एका झोपाळ्यावरून दुसऱ्यावर झेप घेण्याचा खेळ प्रथम सादर केला. त्यानंतर जेमतेम दोन दशकांनी, १८८० साली, विष्णुपंत छत्रे यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली आणि भारतीय सर्कशीच्या परंपरेचा पाया घातला.

महावेदी ते लीलावती

ही आकृती भारतात ग्रीक नावाबरोबर आलेली नाही. यज्ञवेदींच्या मापनाची रीत सांगणाऱ्या शुल्बसूत्रांमध्ये ती फार पूर्वीपासून आहे. सोमयागासाठी लागणाऱ्या महावेदीची पूर्वेकडील बाजू २४ पदे, पश्चिमेकडील बाजू ३० पदे आणि पूर्व-पश्चिम लांबी ३६ पदे असावी, असे सांगितले आहे. आपस्तंब शुल्बसूत्रात या वेदीचे क्षेत्रफळ ९७२ वर्गपदे असल्याचे दाखवले आहे. वेदीच्या एका कडेचा तिरका तुकडा कापून तो उलटा करून दुसऱ्या कडेला लावावयाचा, की २७ गुणिले ३६ असा आयत तयार होतो. योगायोगाने ताज क्षेत्राचीही अरुंद बाजू पूर्वेलाच आहे.

बौधायनाने अशा आकृतीसाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘एका बाजूने लहान’ असा आहे. पुढे ब्रह्मगुप्त, महावीराचार्य आदी गणितज्ञांनी चौकोनांची विभागणी समान बाजूंच्या संख्येवरून केली. समांतर बाजूंपैकी खालच्या बाजूला ‘भूमी’ आणि वरच्या बाजूला ‘मुख’ ही नावे मिळाली.

‘समलंब’ हा शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्पष्टपणे येतो. हा ग्रंथ ११५० साली पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग आहे. मुखाच्या दोन्ही टोकांपासून भूमीवर लंब टाकले आणि ते समान भरले, तर तो चौकोन समलंब. लंब समान याचाच अर्थ मुख आणि भूमी समांतर. नाव उच्चारले की व्याख्या सांगून होते.

भास्कराचार्यांना लंबाचा उल्लेख इतका महत्त्वाचा का वाटला, याचे कारण त्यांच्याच एका उदाहरणात आहे. एका चौकोनाची भूमी ६०, मुख २५ आणि उरलेल्या बाजू ५२ व ३९ आहेत. पूर्वसूरींनी दिलेल्या या आकृतीचे लंब असमान असून कर्ण ५६ आणि ६३ आहेत. याच बाजू ठेवून दुसरे कर्ण सांगावेत आणि समलंब स्थितीतील कर्णही सांगावेत, असे ते विचारतात. आजच्या पद्धतीने पडताळा घेतला, तर पूर्वसूरींच्या आकृतीचे क्षेत्रफळ १,७६४ येते. त्याच चार बाजूंचा समलंब चौकोन केला, तर लंब जवळपास ३९ आणि क्षेत्रफळ सुमारे १,६५७ येते. बाजू त्याच, जमीन मात्र शंभराहून अधिक वर्गमात्रांनी कमी.

चार काठ्या टोकांशी बांधून चौकट केली, तर ती दाबून तिरकी करता येते. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणून केवळ चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणे निरर्थक ठरते. लंब किंवा कर्ण सांगावाच लागतो. जो हे न सांगता प्रश्न विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, अशा आशयाची कठोर टीका भास्कराचार्यांनी केली आहे. चार बाजू फुटपट्टीने मोजून शेताचे क्षेत्रफळ ठरवणाऱ्यांना ती आजही लागू पडावी.

महाराष्ट्रापुरता या परंपरेचा एक ठोस पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात आहे. पाटण येथील इ.स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला.

एक देश, अनेक नावे

देशातील भाषांनी या आकृतीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिले आहे. हिंदी आणि तेलुगू भाषांनी ‘समलंब’ शब्द घेऊन त्याला ‘चतुर्भुज’ जोडले. गुजरातीने ‘चतुष्कोण’ जोडले. मराठीने ‘चौकोन’ हा घरगुती शब्द पसंत केला. हिंदी बाजू मोजते, मराठी कोन मोजते. आकृती तीच राहते. मल्याळममध्ये ‘लंबकम्’ हे नाव असून त्यातही लंबच केंद्रस्थानी आहे. तमिळमधील ‘सरिवगम्’ या नावात तिरक्या बाजूंचा उतार आहे. बंगालीने ट्रॅपेझियम हा शब्द जसाच्या तसा ठेवला. कन्नड पाठ्यपुस्तकांत ‘त्रापिज्य’ असे रूप आढळते. ऐकताना ते संस्कृत वाटावे, पण त्याच्या आत ग्रीकांचे टेबल आहे.

परीक्षेतील एक शंका

समांतरभुज चौकोनाला समलंब म्हणावे का, ही शंका अनेक विद्यार्थ्यांना येते. यावर दोन मते आहेत. एका मतानुसार समांतर बाजूंची एकच जोडी असेल तरच तो समलंब चौकोन. दुसऱ्या मतानुसार किमान एक जोडी असणे पुरेसे आहे आणि म्हणून समांतरभुज चौकोन, आयत व चौरस हे सर्व समलंब चौकोनाचे विशेष प्रकार ठरतात. उच्च गणितात दुसरे मत अधिक सोयीचे मानले जाते, कारण एकदा सिद्ध केलेला नियम सर्व प्रकारांना आपोआप लागू होतो.

‘समलंब’ या शब्दाची अक्षरे पाहिली, तर ती दुसऱ्या मताच्या बाजूने उभी राहतात. समांतरभुज चौकोनाचेही दोन्ही लंब समानच असतात. युक्लिडच्या ‘त्रापेझिया’ने मात्र समांतरभुज चौकोनाला मुळातच वगळले होते. विद्यार्थ्यांनी परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातील व्याख्या प्रमाण मानावी. व्याख्या बदलली तर ‘सत्य की असत्य’ या प्रश्नाचे उत्तरही बदलते, हे मात्र लक्षात ठेवावे.

नावाचे काम

ग्रीकांनी आकृतीला ओळखीच्या वस्तूचे नाव दिले. ते नाव चित्र डोळ्यांसमोर आणते, पण नियम सांगत नाही. म्हणूनच टेबलाचे पाय बदलले तरी ते टिकले, आणि एका कोशातील अदलाबदलीने त्याचा अर्थ अर्ध्या इंग्रजी जगात उलटला. ‘समलंब’ या शब्दाने नियमच नाव म्हणून धारण केला. त्याचा अर्थ उलटवायचा असेल, तर आधी शब्दाचीच मोडतोड करावी लागेल.

‘ताज ट्रॅपेझियम’ हे आता एका वैधानिक क्षेत्राचे विशेषनाम आहे. त्यामुळे बातमीत ते तसेच ठेवणे योग्य ठरते. परंतु पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘ताजमहालाभोवतीचे समलंब चौकोनी संरक्षित क्षेत्र’ एवढे शब्द जोडले, तर वाचकाला त्याचा आकार लगेच कळतो. आणि अमेरिकी वृत्तसंस्थेच्या मजकुरात ‘ट्रॅपेझॉइड’ आढळला, तर भाषांतरकाराने क्षणभर थांबावे. तेथेही मराठी शब्द बहुधा ‘समलंब चौकोन’ हाच असेल.